युद्धगुन्हे: माफी की खटला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणीकडचे कायद्याचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे, आणि ज्यांच्या घरात 'पोलीस अ‍ॅक्शन'ची (सप्टेंबर १९४८ मधल्या हैदराबाद संस्थानावरच्या भारतीय लष्करी कारवाईची) गोष्ट अजूनही दबक्या आवाजात सांगितली जाते असे वाचक आम्हाला सतत विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सतरा सप्टेंबर जवळ आला की असे प्रश्न वाढतात. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. मराठवाड्याबद्दलच थेट वाचायचे असेल तर प्रश्न १६ पासून सुरुवात करा.

१. अ‍ॅम्नेस्टी म्हणजे नेमके काय? राष्ट्रपती फाशी माफ करतात तीच का?

नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ खाली राष्ट्रपती आणि १६१ खाली राज्यपाल जी माफी देतात, ती दोषी ठरलेल्या एका माणसाच्या शिक्षेपुरती असते. तोवर खटला झालेला असतो, साक्षी झालेल्या असतात, निकाल लागलेला असतो. अ‍ॅम्नेस्टी म्हणजे सार्वत्रिक माफी. ती बहुतेक वेळा खटल्याच्या आधीच, एका गटाला, ठरावीक काळातल्या कृत्यांसाठी कायद्याने किंवा शांतता कराराने दिली जाते. खटला उभाच राहत नाही, त्यामुळे साक्षही नोंदली जात नाही. पीडितांचे खरे नुकसान इथे होते.

आणखी दोन गोष्टींशी गल्लत होते. माफीचा साक्षीदार (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३४३) हा सहआरोपी असतो आणि खरे सगळे सांगायच्या अटीवर सुटतो. सरकारी वकिलाने खटला मागे घेणे (कलम ३६०) ही तिसरीच गोष्ट. त्याला न्यायालयाची संमती लागते, आणि नव्या संहितेत पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय ती देता येत नाही.

२. युद्धगुन्हा कशाला म्हणायचे? गावातली दंगल त्यात येते का?

सशस्त्र संघर्ष चालू असला पाहिजे आणि कृत्याचा त्या संघर्षाशी संबंध असला पाहिजे. शरण आलेल्याला मारणे, कैद्यांचा छळ, जखमींवर हल्ला, मुद्दाम नागरिकांना लक्ष्य करणे, बलात्कार, ओलीस धरणे हे युद्धगुन्हे. दंगल कितीही भीषण असली तरी तेवढ्याने ती सशस्त्र संघर्ष ठरत नाही. पण नागरिकांवरचा हल्ला व्यापक किंवा पद्धतशीर असेल तर तो मानवतेविरुद्धचा गुन्हा होऊ शकतो, आणि त्यासाठी युद्ध लागत नाही. वंशसंहाराला एखादा राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट नष्ट करण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. तिथेच बहुतेक खटले अडतात.

३. आंतरराष्ट्रीय कायद्यात अशा माफीला स्पष्ट बंदी आहे का?

'माफी देऊ नये' असे सरळ वाक्य प्रमुख करारांपैकी एकातही नाही. बंदी निघते ती खटला भरण्याच्या कर्तव्यातून. १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांत (अनुक्रमे कलम ४९, ५०, १२९ आणि १४६) गंभीर उल्लंघन करणाऱ्याला शोधा, त्याच्यावर खटला भरा नाहीतर खटला भरणाऱ्या देशाच्या हवाली करा, असे बंधन आहे. छळविरोधी करारातही (१९८४) तसेच आहे. जो देश हे बंधन घेतो आणि घरी माफीचा कायदा करतो, तो करार मोडतो.

मात्र 'गंभीर उल्लंघन' ही कल्पना दोन देशांमधल्या युद्धापुरती आहे. गृहयुद्धातल्या गुन्ह्यांसाठी रूढीजन्य कायद्यावर (देशांच्या प्रथेतून बनलेल्या नियमांवर) विसंबावे लागते, आणि वाद तिथे सुरू होतो (प्रश्न ४).

४. दुसऱ्या प्रोटोकॉलचे कलम ६(५) तर 'शक्य तितकी व्यापक माफी द्या' म्हणते. मग?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि परीक्षेत सगळ्यात जास्त गुण घालवणारा प्रश्न हाच.

१९७७ चा दुसरा जादा प्रोटोकॉल देशांतर्गत संघर्षांसाठी आहे. लढाई थांबल्यावर, संघर्षात भाग घेतलेल्यांना सत्ताधाऱ्यांनी शक्य तितकी व्यापक माफी देण्याचा प्रयत्न करावा, असे त्यात म्हटले आहे. हे कशासाठी, ते समजले की विरोध सुटतो. दोन देशांच्या युद्धात शत्रूचा सैनिक पकडला गेला, तर केवळ बंदूक चालवली म्हणून त्याच्यावर खुनाचा खटला भरता येत नाही. तो युद्धकैदी असतो. गृहयुद्धातल्या बंडखोराला हे संरक्षण नसते. नियम पाळून लढला तरी देशाच्या कायद्याने तो गुन्हेगारच. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचे कलम १४७, म्हणजे सरकारविरुद्ध युद्ध पुकारणे, त्याला लागेल. हजारो माणसांच्या डोक्यावर ही तलवार टांगती असेल तर हत्यार कोण टाकेल? म्हणून ६(५).

तेव्हा ती माफी लढल्याबद्दलची आहे, लढताना केलेल्या अत्याचारांबद्दलची नाही. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या २००५ च्या अभ्यासातला नियम १५९ युद्धगुन्ह्यांचे संशयित, आरोपी आणि दोषी यांना स्पष्टपणे वगळतो. तरी सरकारांनी कलम उलटे वाचून अत्याचारांवर पांघरूण घातले. एल साल्वादोरने १९९३ मध्ये असा कायदा केला आणि १९८१ मधल्या एल मोसोते गावच्या हत्याकांडाचा तपास थांबला. २०१२ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने ते वाचन चुकीचे ठरवले, आणि २०१६ मध्ये साल्वादोरच्याच न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला.

उत्तरपत्रिकेत 'माफीला परवानगी आहे' किंवा 'बंदी आहे' यातले एकच वाक्य लिहून थांबू नका. कशाची माफी, ते आधी लिहा.

५. एखादा माफीचा कायदा समोर आला तर तो टिकेल का, हे कसे तपासायचे?

आधी संघर्षाचा प्रकार ठरवा, दोन देशांमधला की देशांतर्गत. मग माफीचे कलम शब्दाशब्दाने वाचा. 'संघर्षाशी संबंधित सर्व कृत्ये' असे मोघम लिहिले असेल तर ते कलम अडचणीत येणार हे धरून चाला, कारण त्यात बंड आणि बलात्कार एकाच ओळीत बसतात. चांगल्या मसुद्यात आधी राजकीय गुन्ह्यांची यादी असते (बंड, बेकायदा शस्त्र, बेकायदा संघटना, गणवेश वापरणे), आणि मग वगळलेल्या गुन्ह्यांची.

त्यानंतर कोणी कोणाला माफ केले ते पाहा. राजवटीने स्वतःच्याच माणसांना दिलेली माफी सगळ्यात कच्ची. चिलीतल्या लष्करी राजवटीचा १९७८ चा हुकूमनामा हे ठरलेले उदाहरण. मग अटी पाहा: सत्यकथन, शस्त्रत्याग, भरपाई, यातले काही मागितले आहे का? शेवटी, प्रकरण कोणत्या न्यायालयापुढे येणार ते पाहा. तीच माफी देशातल्या न्यायालयात चालेल, आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालणार नाही (प्रश्न ९ आणि १०).

६. संयुक्त राष्ट्रांनी स्वतः साक्षीला बसून माफीचे करार केलेत ना?

केलेत, आणि त्यातूनच धडा घेतला. सिएरा लिओनमधले युद्ध थांबवण्यासाठी ७ जुलै १९९९ रोजी लोमे इथे करार झाला. त्याच्या नवव्या कलमात बंडखोर नेता फोदे सांको याला पूर्ण माफी होती आणि बाकीच्या लढवय्यांनाही होती. हात-पाय तोडणे ही या युद्धाची ओळख झालेली होती. सह्या होताना संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी फ्रान्सिस ओकेलो यांनी हाताने एक टीप जोडली: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि मानवतावादी कायद्याची इतर गंभीर उल्लंघने यांना ही माफी लागू होते असे संयुक्त राष्ट्रे मानत नाहीत.

वर्षभरात लढाई पुन्हा भडकली. २००२ मध्ये विशेष न्यायालय उभे राहिले, त्याच्या कायद्याच्या कलम १० ने ही माफी खटल्याआड येणार नाही असे सांगितले, आणि १३ मार्च २००४ रोजी अपील पीठाने ते कायम केले. सांको त्याआधीच २००३ मध्ये कोठडीत मरण पावला. शेजारच्या लायबेरियाचा माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर याला या बंडखोरांना मदत केल्याबद्दल २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली.

७. दक्षिण आफ्रिकेने तर सगळ्यांना माफ केले. ते आदर्श मानायचे का?

सगळ्यांना माफ केले हा समज चुकीचा आहे. वर्णभेदी राजवटीतल्या गुन्ह्यांच्या माफीसाठी १९९५ च्या कायद्याने प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज करायचा होता, कृत्यामागे राजकीय उद्देश होता हे दाखवायचे होते, आणि सगळे खरे उघड करायचे होते. मोठ्या प्रकरणांत जाहीर सुनावणी होई, पीडितांचे नातेवाईक समोर बसत, वकील उलटतपासणी घेत. ७,११२ अर्जांपैकी ८४९ मंजूर झाले, पाच हजारांहून जास्त फेटाळले गेले.

या योजनेची ताकद दोन पायांवर होती: कबूल केलेस तर माफी, नाही केलेस तर खटला. पहिला पाय नीट चालला, दुसरा लंगडला. माफी नाकारलेल्यांवर किंवा अर्जच न केलेल्यांवर खटले फारच थोडे झाले. हे नमुना म्हणून सांगताना दुसरी बाजू लपवू नये, पीडितांची कुटुंबे आजही न्यायालयांच्या पायऱ्या चढत आहेत.

८. माफी जनतेनेच मतदानाने मान्य केली असेल तर?

तरीही सुटका नाही. उरुग्वेत माफीचा कायदा १९८९ आणि २००९ अशा दोन वेळा जनमतात टिकला. २०११ मध्ये आंतर-अमेरिकी न्यायालयाने सांगितले की मूलभूत हक्कांवर बहुमताची सत्ता चालत नाही. आम्हालाही हेच पटते: ज्याचा मुलगा बेपत्ता झाला त्याच्या वतीने क्षमा करायचा अधिकार शेजाऱ्यांच्या मतांनी मिळत नाही. अर्जेंटिनाने १९८६ आणि १९८७ चे माफीचे कायदे २००५ मध्ये स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाकडून घटनाबाह्य ठरवून घेतले आणि नंतर शेकडो अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या.

९. एकदा माफी मिळाल्यावर पुन्हा खटला भरणे म्हणजे एकाच गुन्ह्याची दुहेरी शिक्षा नाही का?

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २७ मे २०१४ रोजी मार्गुश विरुद्ध क्रोएशिया या प्रकरणात हाच प्रश्न सोडवला. १९९१ मध्ये सर्ब नागरिकांना मारल्याचा आरोप असलेल्या सैनिकावरचा खटला १९९६ च्या सार्वत्रिक माफीच्या कायद्यामुळे बंद झाला होता. नंतर युद्धगुन्ह्यांखाली त्याच्यावर पुन्हा खटला भरला गेला आणि तो दोषी ठरला. न्यायालयाने त्याची तक्रार मानली नाही. नागरिकांच्या हत्येला माफी देणेच मुळात देशाच्या कर्तव्याविरुद्ध होते, त्यामुळे दुहेरी खटल्याविरुद्धचे संरक्षण तिथे लागू होत नाही.

आपल्या अनुच्छेद २०(२) ची (एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला आणि शिक्षा नको) तुलना करताना जपून करा. तिथे आधी खटला आणि शिक्षा दोन्ही झालेली असावी लागते.

१०. आयसीसी (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय) एखाद्या देशाने दिलेली माफी मानते का?

रोम संविधी, म्हणजे आयसीसी स्थापन करणारा करार (१९९८, अंमल १ जुलै २००२ पासून), माफीबद्दल गप्प आहे. वाटाघाटीत एकमत झाले नाही म्हणून मुद्दा मोकळा सोडला गेला. उत्तर तीन कलमांतून शोधावे लागते. कलम १७: देश खरोखर तपास करत असेल तर आयसीसी हात घालत नाही. सरसकट माफी म्हणजे तपासच नाही, म्हणून मार्ग मोकळा. कलम ५३: 'न्यायाच्या हितासाठी' तपास न करण्याचा अधिकार अभियोक्त्याला आहे. कलम १६: सुरक्षा परिषद १२ महिन्यांसाठी काम थांबवू शकते आणि मुदत वाढवू शकते.

लिबियाचा हुकूमशहा मुअम्मर गद्दाफी याचा मुलगा सैफ अल-इस्लाम याने आयसीसीतला खटला टाळायला २०१५ च्या माफीच्या कायद्याचा आधार घेतला. २०१९ मध्ये प्राथमिक पीठाने आणि मार्च २०२० मध्ये अपील पीठाने त्याचा अर्ज फेटाळला. पण अशा माफीबाबतचा कायदा अजून घडतो आहे, असेही अपील पीठाने नमूद केले. म्हणून 'सगळ्या प्रकारची माफी आता बेकायदा आहे' असे छातीठोक लिहिणाऱ्या पुस्तकांवर विसंबू नका.

११. एका देशाने दिलेली माफी दुसऱ्या देशाने पाळलीच पाहिजे का?

नाही. मॉरिटानियाने १९९३ मध्ये माफ केलेला एक लष्करी अधिकारी फ्रान्समध्ये छळाच्या गुन्ह्यात २००५ मध्ये दोषी ठरला आणि २००९ मध्ये युरोपीय न्यायालयानेही फ्रान्सची बाजू उचलून धरली. माफी मिळालेल्याने परदेश प्रवास करताना हे लक्षात ठेवायचे असते.

१२. खटल्याच्या धाकाने बंडखोर हत्यार खाली ठेवणार नाहीत, मग माणसे मरत राहतील. याचे काय?

ही शंका खरी आहे, ती झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे नाही. युगांडाने २००० मध्ये माफीचा कायदा केला आणि हजारो जण जंगलातून परत आले. त्यांतले बरेच लहानपणी पळवून नेलेले होते. बंडखोर गटाचा नेता जोसेफ कोनी याच्यावर आयसीसीने २००५ मध्ये वॉरंट काढले आणि पुढे त्याने शांतता करारावर सही केली नाही. वॉरंटमुळे तो बोलणीपर्यंत आला असेही म्हणणारे आहेत, वॉरंटमुळेच सही झाली नाही असेही. मोझांबिकमध्ये १९९२ च्या सरसकट माफीनंतर बराच काळ शांतता टिकली, हेही नोंदवले पाहिजे.

आमचे मत असे: खालच्या फळीला माफी, वरच्या फळीला खटला, ही विभागणी बहुतेक ठिकाणी व्यवहारात चालते. युगांडातच कोनीच्या गटातला कमांडर थॉमस क्वोयेलो याला माफी नाकारली गेली, २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवले आणि २०२४ मध्ये त्याला ४० वर्षांची शिक्षा झाली.

१३. माफी आणि तुरुंग यांच्या मधला काही मार्ग आहे का?

सरकार आणि फार्क बंडखोर यांच्यातला कोलंबियाचा २०१६ चा करार. बंडासारख्या राजकीय गुन्ह्यांना माफी, युद्धगुन्ह्यांना नाही. युद्धगुन्ह्यांसाठी विशेष न्यायाधिकरण आहे. तिथे सुरुवातीलाच पूर्ण सत्य कबूल केले तर ५ ते ८ वर्षे स्वातंत्र्यावर निर्बंध आणि नुकसान भरून काढणारी कामे (सुरुंग काढणे, बेपत्तांचा शोध). उशिरा कबूल केले तर तेवढीच वर्षे तुरुंगात. नाकारून दोषी ठरले तर २० वर्षांपर्यंत तुरुंग. सैन्याने निरपराधांना मारून बंडखोर म्हणून दाखवल्याची किमान ६,४०२ प्रकरणे याच न्यायाधिकरणाने मांडली. शिक्षा सौम्य आहे अशी टीका होते, पण इतके सत्य दुसऱ्या मार्गाने बाहेर आले नसते.

१४. भारतात कायदा काय आहे?

भारताने जिनिव्हा करार १९५० मध्ये स्वीकारले आणि १९६० चा जिनिव्हा करार अधिनियम केला. त्याच्या कलम ३ खाली संरक्षित व्यक्तीच्या हेतुपुरस्सर हत्येला फाशी किंवा जन्मठेप, इतर गंभीर उल्लंघनांना १४ वर्षांपर्यंत कैद. अडचण कलम १७ मध्ये आहे: सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही. पीडिताने थेट केलेली तक्रार या कायद्याखाली चालत नाही.

जादा प्रोटोकॉल आणि रोम संविधी भारताने स्वीकारलेले नाहीत. मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत, ही पोकळी तातडीने भरावी असे दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ रोजी १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडाशी संबंधित सज्जन कुमार प्रकरणात सांगितले. अनुच्छेद ३४ मात्र सहसा कोणी वाचत नाही. लष्करी कायदा लागू असलेल्या भागात सुव्यवस्थेसाठी केलेल्या कृत्यांबद्दल संसद संरक्षण देऊ शकते, अशी तरतूद त्यात आहे. माफीची वाट घटनेतच कुठे आहे, याचे ते उत्तर.

१५. १९७१ नंतर १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांना का सोडले?

त्यांच्यावर खटले भरायची बांगलादेशची तयारी होती. ९ एप्रिल १९७४ रोजी दिल्लीत भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्यात करार झाला आणि बांगलादेशने दयाबुद्धीने खटले न चालवण्याचे मान्य केले. पाकिस्तानी सैन्याच्या स्थानिक साथीदारांना १९७३ मध्ये जी माफी मिळाली होती, तिच्यातून खून, बलात्कार, जाळपोळ वगळलेले होते. २०१० मध्ये ढाक्यात न्यायाधिकरण बसले ते १९७३ च्याच कायद्यावर.

१६. रझाकारांना माफी मिळाली का? आणि पोलीस अ‍ॅक्शननंतर जे झाले त्याचे काय?

रझाकार ही निजामाच्या बाजूने लढलेली सशस्त्र संघटना. लातुरात वकिली केलेला तिचा नेता कासीम रझवी सुटला नाही. बीबीनगर प्रकरणात विशेष न्यायाधिकरणाने त्याला शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये ती कायम ठेवली, आणि १९५७ मध्ये शिक्षा भोगून तो पाकिस्तानात गेला. हा खटला साध्या फौजदारी गुन्ह्यांचा होता. युद्धगुन्हा म्हणून तो चाललाच नाही. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या वेळी १९४९ चे जिनिव्हा करार अस्तित्वात नव्हते आणि गुन्हेगारी कायदा मागच्या तारखेपासून लावता येत नाही. पण खून, लूट, बलात्कार हे तेव्हाही गुन्हेच होते.

दुसऱ्या बाजूची नोंद भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. पोलीस अ‍ॅक्शनच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असा तिचा अंदाज होता. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते, आणि सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना बसली. अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही. माफीचा कायदा न करताही माफीचाच परिणाम कसा साधतो ते इथे दिसते: अहवाल ठेवून द्यायचा, खटले भरायचे नाहीत. रझाकारांनी छळलेली कुटुंबे आणि नंतर मारली गेलेली कुटुंबे एकाच तालुक्यात राहतात. एकीची नोंद दुसरीला खोटी ठरवत नाही.

१७. आमच्या घरातले माणूस १९४८ मध्ये मारले गेले. आता काय करता येईल?

खुनाच्या गुन्ह्याला आपल्याकडे मुदत नसते (मुदतीची मर्यादा तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे), पण आरोपी मेला की खटला संपतो. इतक्या वर्षांनी खटल्याची आशा दाखवणाऱ्याला पैसे देऊ नका. नोंद मात्र करता येते, आणि ती रीतसर करा.

घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशी बोलताना ध्वनिमुद्रण करा. मृताचे नाव, बापाचे नाव, गाव आणि तेव्हाचा तालुका लिहा. तारीख आठवत नसेल तर पोळ्याच्या आधी की नंतर, महालक्ष्म्या बसल्या होत्या की उठल्या होत्या, पीक कोणते उभे होते, असे विचारा. स्वतः पाहिलेले आणि ऐकलेले यांचे दोन वेगळे रकाने करा. नोंदीची किंमत सगळ्यात जास्त इथेच घसरते, कारण पुढची पिढी ऐकलेलेही पाहिल्यासारखे सांगते. कोणी मारले याची नावे ऐकीव असतील तर ती छापू नका. त्यांची नातवंडे गावात आहेत आणि त्यांचा काही गुन्हा नाही.

कागद शोधताना हैदराबाद संस्थानच्या दप्तरांत फसली सन (तिथले महसुली वर्ष) येतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सनाच्या एखाद्या वर्षाच्या अंतरात पोचता, म्हणून १९४८ च्या सप्टेंबरसाठी १३५७ फसलीपासून पाहा. कागद बहुधा उर्दूत असतात, वाचणारा जाणकार सोबत घ्या. संस्थानची बरीच दप्तरे हैदराबादच्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. अर्जात गाव, तालुका, जिल्हा आणि फसली सन चारही लिहा, नुसत्या माणसाच्या नावावर तिथे काही सापडत नाही.